डॉ. कमला सोहोनी

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा हे गाव वसलेले आहे. गावाभोवती कांद्याची शेते आणि द्राक्षांचे मळे पसरलेले आहेत. कधी कधी एखाद्या मळ्यातील वेलींची कोवळी पाने पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जाणता बागाईतदार असे पान हाती घेताच ओळखतो, की वेलीला लोह कमी पडले आहे. नवल असे, की जमिनीत लोहाला तोटा नसतो. परंतु माती चुनखडीची असली म्हणजे हे लोह पाण्यात विरघळत नाही. आणि जे विरघळत नाही, ते मुळांना शोषून घेता येत नाही. पान वाढलेले आहे, पण हात बांधलेले आहेत, अशी वेलीची स्थिती होते. अशा वेळी बागाईतदार साधे लोह न घालता ‘चिलेटेड’ लोह घालतो.

‘चिलेट’ हा शब्द खेकड्याच्या नांगीला ग्रीक भाषेत जे नाव आहे, त्यावरून आलेला आहे. नदीकाठच्या मुलांना नांगीची पकड कशी असते, हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याप्रमाणे खेकडा दोन्ही बाजूंनी बोट धरतो, त्याप्रमाणे काही सेंद्रिय संयुगे धातूच्या अणूला अनेक बाजूंनी धरून ठेवतात. अशा पुष्कळ संयुगांत नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, अणू असतात. नत्राच्या अणूजवळ देण्याजोगी इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. ती तो धातूपुढे करतो आणि धातू त्याच्याशी बांधला जातो. एकाच संयुगात असे दोन, चार, सहा हात असले म्हणजे पकड घट्ट होते. चुनखडीच्या मातीतही मग लोह सुटत नाही आणि मुळांपर्यंत सुखरूप पोहोचते.

अशी संयुगे माणसाने कारखान्यात बनवली, त्याला अद्याप शंभर-सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. निसर्गाने मात्र ती युगानुयुगांपूर्वीच बनवून ठेवली आहेत. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्यात नत्राच्या चार अणूंचे एक कडे असते व त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्यात जवळजवळ तसेच कडे असते. मात्र मध्ये लोह असते. याच कुळातील तिसरे द्रव्य म्हणजे सायटोक्रोम. ते रक्तासारखे डोळ्यांत भरत नाही. श्वसन करणाऱ्या पेशींच्या आत ते निमूटपणे काम करीत असते. बटाट्यासारख्या सामान्य कंदातील या सायटोक्रोमचा माग एका मराठी मुलीने इंग्लंडमध्ये जाऊन काढला. त्या मुलीचे नाव कमला भागवत. विवाहानंतर त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने प्रसिद्धीस आल्या.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा संस्थेत, म्हणजे आज जिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतात तेथे, दोघांचेही शिक्षण झालेले होते. ‘ऋतुचक्र’ या ग्रंथाच्या लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या वडील भगिनी. एकाच घरातील दोन मुलींपैकी एकीने शब्दांचा ध्यास घेतला व दुसरीने पदार्थांच्या घटनेचा. आपणही वडिलांप्रमाणे आणि काकांप्रमाणे बंगळूरला जाऊन संशोधन करावे, अशी कमलाची लहानपणापासूनची आकांक्षा होती.

१९३३ साली तिने मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळवली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय होता आणि परीक्षेत तिने पहिला क्रमांक पटकावला होता. लगेच तिने बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज धाडला. एवढ्या गुणांच्या विद्यार्थ्याला नकार मिळेल, अशी शंका येण्याचे काहीच कारण नव्हते. परंतु नकार आला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. अशा थोर शास्त्रज्ञाने अर्ज नाकारला, तो गुण कमी होते म्हणून नव्हे. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणासाठी.

कमला निराश होऊन घरी बसली नाही. ती बंगळूरला जाऊन रामन यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने नकाराचे कारण विचारले. केवळ स्त्री असणे हा दोष कसा, हा तिचा प्रश्न होता. गांधीजींच्या चळवळीने भारलेले ते दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत येथून हलणार नाही, असा पवित्रा घेऊन तिने सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर रामन यांना नमते घ्यावे लागले. पण त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. शिवाय तिच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असेही तिला बजावण्यात आले. या शेवटच्या अटीतील अपमान कमलाला समजला नाही, असे नाही. कोणत्याही मुलाला अशी अट कोणी घातली नसती. तरीही तिने त्या अटी मान्य केल्या. कारण तिला काम हवे होते, आणि ते काम त्या दाराच्या आत होते.

संस्थेत तिला श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक होते; परंतु मेहनती विद्यार्थ्याला आपले सारे ज्ञान देऊन टाकावे, अशी त्यांची वृत्ती होती. त्यांच्या हाताखाली कमलाने दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभला. गरीब माणसाच्या ताटात मांस क्वचित येते. त्याच्या शरीराची झीज भरून निघते ती वरण आणि उसळ यांमुळे. म्हणून या विषयाला आपल्या देशात मोठे महत्त्व होते. डाळीतील सगळेच नत्र प्रथिनांत नसते. काही नत्र प्रथिनांबाहेरच्या लहान संयुगांतही असते. ते वेगळे काढून मोजण्याचे काम फार बारकाईचे होते. ते तिने चोखपणे केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली तिने एम. एस्सी. पदवी संपादन केली.

पुढील शिक्षणासाठी कमला इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेली. तेथील जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या नेतृत्वामुळे जगप्रसिद्ध झालेली होती. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रथम डेरेक रिक्टर आणि त्यानंतर रॉबिन हिल या शास्त्रज्ञांबरोबर तिने काम केले. या रॉबिन हिल यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण लोहाला पकडणाऱ्या संयुगांशी त्यांची जुनी ओळख होती.

प्राण्यांच्या किंवा वनस्पतींच्या शरीरातील लोह अतिशय अल्प असते. ते मोजायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. १९३० साली हिल यांनी त्यासाठी डायपिरिडिल नावाच्या संयुगाचा उपयोग करण्याची रीत प्रसिद्ध केली. या संयुगात दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि प्रत्येक कड्यात नत्राचा एक अणू असतो. हे दोन अणू म्हणजे नांगीची दोन टोकेच होत. असे तीन रेणू लोहाच्या एका अणूभोवती जमतात आणि सहा बाजूंनी त्याला धरतात. तसे झाले की रंगहीन पाणी लाल होते. रंग जितका गडद, तितके लोह अधिक. ज्या द्रव्याचा डोळ्यांना पत्ता लागत नाही, त्याची मोजदाद एका रंगाने व्हावी, ही युक्ती मोठी सुंदर आहे. हिल यांनी रक्तातील लोहयुक्त द्रव्याचाही पुष्कळ अभ्यास केलेला होता. त्यानंतर ते वनस्पतींकडे वळले होते. अशा गुरूकडे कमला वनस्पतींच्या श्वसनाचा प्रश्न शिकू लागली.

तो प्रश्न काय होता? आपण श्वास घेतो, म्हणजे केवळ छाती फुगवतो असे नव्हे. खरे श्वसन पेशींच्या आत चालते. तेथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूला दिले जातात आणि त्या देवघेवीतून जगण्यासाठी लागणारी शक्ती मिळते. ही देवघेव एकदम होत नाही. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग करतात आणि घागरी हातोहात पुढे देतात. तशी ही रांग असते. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतील एक गडी आहे. त्याच्या पोटात नत्राच्या चार अणूंचे कडे असून त्यात लोहाचा अणू बसलेला असतो. पाचव्या बाजूने प्रथिनातील आणखी एक नत्राचा अणू व सहाव्या बाजूने गंधकाचा अणू लोहाला आधार देतो. लोहाचा हा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो, पुढच्याला देतो आणि पुन्हा रिकामा होतो. पकड अशी पक्की, की लोह जागचे हलत नाही. आणि तरीही अशी मोकळी, की त्याचे देणेघेणे अडत नाही.

केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली सायटोक्रोमचे कार्य जगापुढे मांडले होते. कीटकांच्या स्नायूंतून व यीस्टमधून येणारा प्रकाश त्याने वर्णपटदर्शकातून पाहिला. प्रकाशाच्या रंगीत पट्ट्यावर त्याला ठराविक जागी काळ्या रेघा दिसल्या. प्राणवायू मिळाला की त्या रेघा पुसट होत व प्राणवायू तुटला की पुन्हा उमटत. वनस्पतींतही त्याला अशा रेघा आढळल्या होत्या. परंतु वनस्पतींच्या श्वसनात सायटोक्रोमचे स्थान नेमके कोणते, याविषयी एकमत नव्हते. हिरव्या पानात शोध घ्यावा, तर हरितद्रव्याचा गडद रंग त्या पुसट रेघांना झाकून टाकतो. शिवाय दुसरी एक अडचण होती. ती स्वयंपाकघरात रोज दिसते.

बटाटा चिरून ठेवला म्हणजे थोड्याच वेळात त्याचा पांढरा रंग जाऊन तो तपकिरी व काळसर होऊ लागतो. म्हणूनच घरोघरी चिरलेल्या फोडी लगेच पाण्यात टाकतात. हा रंग बदलतो, तो तांबे असलेल्या एका विकरामुळे. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विकर प्राणवायूचा वापर करते. तेव्हा बटाट्यासारख्या वनस्पती श्वसनासाठी याच तांब्याच्या विकरावर अवलंबून असतील, असे काही शास्त्रज्ञांना वाटत असे. तसे असेल तर प्राण्यांचे श्वसन लोहावर आणि वनस्पतींचे तांब्यावर, अशी जीवसृष्टीची दोन खाती झाली असती.

कमलाने हाच बटाटा अभ्यासाला घेतला. बटाट्याच्या आतील भागात हरितद्रव्य नसते. म्हणून तेथे सायटोक्रोमचा शोध घेणे पानापेक्षा सोपे. पण सोपे म्हणजे सहज नव्हे. कंद चिरताक्षणी काळा पडू लागणार. सायटोक्रोमचे प्रमाण अगदी थोडे. आणि वेळ दवडला तर पेशीतील नाजूक द्रव्ये बिघडणार. अशा परिस्थितीत चिकाटीने प्रयोग करून तिने दाखवून दिले, की वनस्पतींच्या ऊतकांतही सायटोक्रोम सी असते, आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायूला देणारे विकरही असते. प्राण्यांच्या पेशीत जी रांग आहे, तीच वनस्पतींच्या पेशीतही आहे. सपुष्प वनस्पतींतील या विकराविषयीचा हिल आणि भागवत यांचा लेख १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंग्या, माणूस आणि मातीखालचा बटाटा यांच्या श्वसनाचे मूळ एकच असावे, ही गोष्ट मोठी नवलाची आहे.

याच संशोधनावर कमलाने आपला प्रबंध लिहिला. काम आणि लेखन मिळून तिला अवघे चौदा महिने लागले. प्रबंधाची पाने होती केवळ चाळीस. जाडजूड प्रबंध म्हणजेच मोठे संशोधन, अशी समजूत असणाऱ्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल. केंब्रिज विद्यापीठाने १९३९ साली तिला पीएच. डी. ही पदवी दिली. विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत कमलाबाईंची गणना होते. सहा वर्षांपूर्वी जिला दारातून परत पाठवले जात होते, तीच ही विद्यार्थिनी.

परदेशात राहून संशोधन करीत राहणे त्यांना अवघड नव्हते. पण त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. नंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे पोषणविषयक प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. १९४७ साली त्यांचा विवाह श्री. सोहोनी यांच्याशी झाला. ते विमा व्यवसायातील गणिताचे जाणकार होते. त्यानंतर कमलाबाई मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

मुंबईतील त्यांचे संशोधन पुन्हा सामान्य माणसाच्या ताटाकडे वळले. वाल, पावटे, डबल बी अशा कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात. मात्र त्यांपैकी काहींत प्रथिनांच्या पचनाला आडकाठी करणारी द्रव्येही असतात. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी ही द्रव्ये शोधून त्यांचा अभ्यास केला. अशी पुष्कळ द्रव्ये चांगले शिजवल्याने निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याची आपल्या घरांतील जुनी चाल किती शहाणपणाची आहे, ते या प्रयोगांवरून कळते.

नीरेवरील त्यांचे काम तर फारच गाजले. ताड, माड, शिंदी यांसारख्या झाडांपासून पहाटे मिळणारा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ती तशीच राहू दिली तर आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून पुष्कळजण तिच्याकडे संशयाने पाहत. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ताज्या नीरेचे व नीरेच्या गुळाचे पृथक्करण केले. त्यांत जीवनसत्त्वे व लोह आहे, असे त्यांना आढळले. पुरेसे अन्न न मिळणाऱ्या आदिवासी मुलामुलींच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. बटाट्यातील लोहाचा माग काढणाऱ्या त्याच हातांनी आता हे काम केले होते. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाची प्रत राखण्याच्या कामी त्यांचा सल्ला लाभला.

इतकी योग्यता असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे खोळंबून राहावे लागले. अखेर ते पद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते उत्तम रीतीने सांभाळले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. बाजारातील भेसळीपासून ग्राहकांचे रक्षण करण्यासाठी १९६६ साली मुंबईत ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या कार्यात कमलाबाई रमल्या, पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांना सावध करणारे लेख लिहिले. मराठी वाचकांसाठी ‘आहारगाथा’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले.

उतारवयात मुंबईतील स्त्री-शास्त्रज्ञांनी कमलाबाईंचा सत्कार केला. समोर शेकडो प्रयोगशाळांतून निर्धास्तपणे वावरणाऱ्या स्त्रियांची पिढी बसलेली होती. त्या प्रसंगी कमलाबाईंनी १९३३ सालची बंगळूरची हकीकत सांगितली. रामन यांच्या शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या थोरवीविषयी त्यांच्या मनात आदर होता. पण स्त्री म्हणून मिळालेल्या त्या वागणुकीचे दुःख साठ वर्षे लोटल्यावरही ओसरले नव्हते, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. १९९८ साली त्यांचे निधन झाले.